तासाभराचं विमान, वीस मिनिटांचा पास्ता

भाची: मामा, या खेपेला मुंबईला विमानानं या. ९ जून २०२५ला सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं आणि १५ ऑक्टोबरला मुंबईचं. ‘होटगी रोडला विमानतळ आहे, नाही ते फक्त विमान’ अशी चेष्टा इतकी वर्षं आपणच करत होतो, आता तीही करता येणार नाही. तासाभराचं तर उड्डाण. एसटीत बसलात की इंदापूर यायच्या आत मामींचे गुडघे आखडतात, तेवढं तरी टळेल. आणि त्या रात्रीच्या जेवणाची काळजी करू नका. मे महिन्यात गॅसपाशी उभं राहून पुरणपोळ्या लाटणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. ताज्या टोमॅटोचा पास्ता करते, वीस मिनिटांत पानं वाढते. जे झटपट होतं ते झटपट उरकावं आणि उरलेला वेळ गप्पांना ठेवावा, एवढंच माझं म्हणणं.

मामा: बेत झकास आहे, पण आधी नकाशा बघ. मुंबई आपल्या श्रीपूरच्या पश्चिमेला, सोलापूर पूर्वेला. म्हणजे पश्चिमेला जाण्यासाठी मी आधी शंभरेक किलोमीटर पूर्वेला जायचं! याला आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. आता तासांचा हिशोब घाल. श्रीपूरहून सोलापूर अडीच तास. दोन तास आधी पोचा, असं तूच सांगणार. मग तुझा तो तास. उतरल्यावर सामान येईपर्यंत अर्धा तास, पुढे मुंबईच्या गर्दीतून तुझ्या घरापर्यंत दीड तास. झाले की नाही साडेसात? याउलट पहाटे साडेपाचला घर सोडलं, कुर्डुवाडी गाठली आणि सातच्या सुमाराला वंदे भारत पकडली, तर दुपारी बाराच्या आसपास दादर. ती गाडी १० फेब्रुवारी २०२३पासून चालू आहे. मधे उठून चार पावलं फिरता येतं, डबा उघडता येतो, पट्टा बांधा-सोडा म्हणणारं कुणी नाही. विमानाची वेळ सांगताना तुम्ही फक्त हवेतला वेळ सांगता. जमिनीवरचा वेळ कुणाच्या खात्यावर?

भाची: मुंबईपुरता हिशोब तुमचा बरोबर आहे, मी भांडत नाही. पण वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते, आणि तिचं तिकीट सुट्टीत मिळतंच असं नाही. शिवाय सोलापूरचं विमान काय फक्त श्रीपूरकरांसाठी आहे? सोलापूर शहरात राहणाऱ्याला विमानतळ रिक्षाच्या अंतरावर आहे. त्याला ऑपरेशनसाठी मुंबई गाठायची असेल, मालाचे नमुने घेऊन जायचं असेल, तर त्याचे वाचलेले तास खरेच वाचलेले आहेत. आपल्या आडगावी बसून आपण सगळ्यांचा हिशोब मांडायचा नाही. आणि मामींचं काय? त्यांनी अजून एकदाही ढग वरून पाहिलेले नाहीत. तो तास वाचवायचा तास नाहीच मुळी, तो बघायचा तास आहे.

मामा: ढगांना माझी ना नाही. पण सोलापूरकरांचे तास वाचले ते कशाच्या बदल्यात, तेही त्याच वहीत लिही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ला पाडली. कायद्यात कोण बरोबर, त्यात मी पडत नाही, कोर्टकचेऱ्या भरपूर झाल्या. मी बोलतोय ते ऊस घालणाऱ्याबद्दल. श्रीपूर हे गावच मुळी कारखान्याभोवती वाढलेलं. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना इथे आला म्हणून महाळुंगच्या शेजारी ही वसाहत, हा बाजार. चिमणीतून धूर निघाला की हंगाम लागला, असं समजणारी आम्ही माणसं. ज्या दिवशी ती चिमणी टीव्हीवर कोसळताना पाहिली, त्या दिवशी आमच्या आळीत टाळ्या वाजवणारे होते आणि चहा अर्धा टाकून उठणारेही होते. बरं, एवढं करून विमान टिकेल का? मागे एकदा मुंबईची सेवा सुरू होऊन बंद पडलेली आहे. आताही सरकार तूट भरून देतंय, म्हणून गाडा चाललाय.

भाची: एसटीची तूट कोण भरतं, मामा? रेल्वेचं तिकीट काय पुरत्या किमतीचं असतं? सार्वजनिक वाहन तोट्यात सुरू होतं आणि सवय लागली की उभं राहतं. चिमणीचं दुःख मला कळतं, पण कुठलीही चिमणी कायमची नसते. ती पडली म्हणून शेतकरी बुडाला, असं सरसकट म्हणता येत नाही, आणि विमान आलं म्हणून सोलापूर तरलं, असंही नाही. ते जाऊ द्या. तुम्ही येताय असं धरून मी चार गोष्टी सांगते, त्या तेवढ्या ऐका.

पहिली, तुमचा बटवा. त्यातला अडकित्ता केबिनमध्ये चालणार नाही. काढून घेतील आणि तुम्ही त्या पोरसवदा जवानाला त्या अडकित्त्याचा इतिहास सांगत बसाल. तो घरी ठेवा. काडेपेटी तर कुठल्याच बॅगेत नको. दुसरी, मामी मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणतात, त्या आणू नका. मार्च २०२२पासून सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं. मिरचीचं लोणचं आणि तिखट हातातल्या पिशवीत नको, खाली जाणाऱ्या बॅगेत द्या. शेंगांची चटणी मात्र आणाच, खालच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. पॉवर बँकचं बरोबर उलटं: ती खालच्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवायची. बॅग साधारण पंधरा किलोची, हातातली सातची. घरून निघतानाच दुकानातल्या काट्यावर वजन करून घ्या, म्हणजे काउंटरवर सगळ्यांसमोर लुगडी काढून पुन्हा भरायला नकोत. विमान सुटण्याच्या वेळेला गेट बंद होत नाही, पंचवीसेक मिनिटं आधी होतं. तिथे ‘आलोच’ चालत नाही. आणि विमान उतरायला लागलं की कानांना दडे बसतात, तेव्हा खडीसाखर चघळायची. गिळलं की कान मोकळे होतात. हेलकाव्यांची भीती वाटत असेल तर पंखाजवळची जागा मागून घ्या, तिथे कमी जाणवतात.

मामा: वा! हा सुखाचा प्रवास! खोबरं नको, अडकित्ता नको, तिखट खाली, बॅटरी वर, बॅग वाण्याच्या काट्यावर. अगं, माझा बाप पंढरपूरला पायी जायचा तेव्हा एक धोतर आणि एक लोटा, संपली यादी. तुमची सोय जितकी वाढते तितक्या सूचना वाढतात, हे तुला खटकत नाही? शिवाय या सूचना लक्षात कोण ठेवणार? मी नाही. तुझी मामी ठेवणार. बॅग तीच भरणार, चटणी तीच कुटणार, दोन पिशव्यांत तीच बांधणार आणि वजन जास्त भरलं की ‘तुला एवढं कशाला भरायचं होतं’ हे मी तिलाच ऐकवणार. तो तुझा तासाभराचा प्रवास तिच्या दोन दिवसांवर उभा आहे.

(इथे मी, हे लिहून घेणारा, मधे तोंड घालतो. मामा हे बोलले ते स्वतःवर उलटणारं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलंय की नाही कोण जाणे. भाचीच्या मात्र आलं.)

भाची: आता तुम्ही मुद्द्यावर आलात. तो धरून ठेवा, मला पुढे लागणार आहे. आधी जेवणाचं बोलू, कारण विमानातलं खाणं आणि माझा पास्ता यांचा संबंध आहे. विमानात हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली. दाब डोंगरावरच्यासारखा, साधारण सहा ते आठ हजार फुटांवरचा. वर इंजिनाची घरघर. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं लुफ्थान्सासाठी याचा अभ्यास केला. मीठ आणि साखर तिथे फिकी लागतात, टोमॅटोची चव मात्र टिकून राहते, म्हणून एरवी टोमॅटोचा रस न पिणारी माणसं विमानात तो मागतात. म्हणजे वरचं उपम्याचं पाकीट बेचव लागलं तर आचाऱ्याला शिव्या देऊ नका. आणि उतरल्यावर जिभेला जाग आणायला टोमॅटोएवढं चांगलं काही नाही.

आता कृती. चौघांना साडेतीनशे ग्रॅम पास्ता. पाऊण किलो लाल, पिकलेले, शक्यतो गावठी आंबट टोमॅटो बारीक चिरायचे, मीठ लावायचं, ठेचलेला लसूण आणि पाच-सहा चमचे तेल घालून बाजूला ठेवायचे. ते शिजवायचे नाहीत, ही खरी मेख. ऑलिव्ह तेलच हवं असं नाही, करडईचं घाणीचं तेल घाला, आपल्याकडे मिळतं. अर्ध्या तासात टोमॅटोला रस सुटतो, तोच सॉस. साडेतीन लिटर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ, पाणी खळाखळा उकळलं की पास्ता सोडायचा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या एक मिनिट आधी काढायचा. त्याचं पिठूळ पाणी अर्धी वाटी राखून ठेवायचं. गरम पास्ता थेट टोमॅटोत ओतायचा, ते पाणी थोडं थोडं घालत हलवायचं, की तेल आणि रस मिळून येतात. वर सब्ज्याची पानं हातानं तोडून. फालुद्यात बी घालतो तो सब्जा आणि इटालियन लोकांचं बेसिल ही एकच जात. आपली तुळस वेगळी, आणि पंढरपूरच्या इतक्या जवळ राहून तुळस कढईत घालायला मी सांगणार नाही. चीज नको वाटत असेल तर वरून शेंगांची चटणी भुरभुरा. गॅस जेमतेम वीस मिनिटं पेटतो.

मामा: शेंगांची चटणी घालणार असशील तर पास्ताच कशाला, भाकरी आहे की. पण ते राहू दे. मला तुझी वीस मिनिटं मोजू दे. टोमॅटो मुरायला अर्धा तास, तूच म्हणालीस. साडेतीन लिटर पाणी उकळायला घरच्या शेगडीवर किती वेळ लागतो? पंधरा मिनिटं धर. पाऊण किलो टोमॅटो कोण चिरणार, लसूण कोण सोलणार? मोठं पातेलं कोण घासणार? विमानाच्या तिकिटावर जसा हवेतला वेळ, तसा पास्त्याच्या पाकिटावर फक्त पाण्यातला वेळ. बाकीचा कुणाच्या तरी कमरेतून जातो.

आणि दुसरं, हे सगळं नवीन म्हणून सांगू नकोस. गव्हाच्या पिठाची पातळ लाटून, कापून, उकळत्या वरणात सोडलेली वस्तू आपल्याकडे आहे, चकोल्या म्हणतात तिला. पिठाची बोटभर वळकटी नखानं दाबून केलेल्या नखुल्या आहेत, गव्हले आहेत, बोटवे आहेत, मालत्या आहेत. लग्नाच्या रुखवतात मांडतात त्या. आणि शेवया! चैत्र संपला की खपली नाहीतर बन्सी गहू ओलवायचा, दळायचा, सोजी वेगळी, सपीठ वेगळं, मग पीठ तिंबून तेलाचा हात लावून पाटावर ओढायच्या, बाजेवर धोतर पसरून वाळवायच्या. चार घरच्या बाया एका ओसरीत. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. रात्री आमरस आणि शेवया. याच्यापुढे तुझं पाकीट काय?

भाची: आता तुमचाच मघाचा मुद्दा काढते. ‘चार घरच्या बाया एका ओसरीत’ म्हणालात. तुम्ही कुठे होता? पाटावर शेवई ओढून मनगट सुजतं ते कुणाचं? वाळवण कावळ्यांपासून राखायला भर बाराच्या उन्हात गच्चीवर कोण बसायचं? तुम्हाला आठवते ती ताटातली शेवई, आमरसाबरोबरची. मामींना काय आठवतं ते मी त्यांना विचारलंय. त्या म्हणाल्या, पाट सुटून शेवयांचं यंत्र आलं त्या वर्षी मी सुटले. बरं, इटलीतही काय वेगळं होतं? नेपल्सजवळच्या ग्रान्यानोत एकेकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना काठ्यांवर पास्ता वाळत टाकायचे, तुमच्या बाजेसारखाच. तो कारखान्यात गेला, बंद खोलीत गरम हवेवर वाळायला लागला. तिथल्या कुणी पास्ता खायचं सोडलं नाही. उलट १९६७ साली त्यांनी कायदा केला की सुका पास्ता डुरम गव्हाचाच हवा. कष्ट यंत्राला दिले, कस मात्र राखला. आपण काय केलं? कष्ट बायकांकडेच ठेवले, आणि कंटाळल्या तेव्हा मैद्याच्या शेवया विकत आणल्या. आपल्याच पुण्याच्या आघारकर संस्थेनं एमएसीएस ४०२८ हा डुरम गव्हाचा वाण काढलाय, त्यात प्रथिनं साडेचौदा टक्क्यांच्या वर. त्याच्या शेवया आपल्या दुकानात मला कधी दिसल्या नाहीत.

मामा: हे लागलं. मामीनं सांगितलं ते मला तिनं कधी सांगितलं नाही. पण म्हणून तुझं सगळं मान्य करत नाही. यंत्र आलं, वेळ सुटला, ठीक. तो सुटलेला वेळ गेला कुठे, ते दाखव. ओसरीवर चार बाया बसायच्या तेव्हा कुणाच्या घरात काय दुखतंय, कुणाच्या मुलीला बघायला कोण येतंय, कुणाचा नवरा दारू पितो, सगळं शेवईबरोबर बाहेर यायचं. मनगट सुजायचं, पण मन मोकळं व्हायचं. आता पाकीट फोडलं की ती बाई आपल्या घरात, मोबाइलसमोर. कष्ट गेले ते चांगलंच. त्यांच्यासोबत ओसरीही गेली, तिची भरपाई तुझं यंत्र देत नाही, विमान तर नाहीच. गाडीत समोरच्या बाकावरच्या माणसाशी बोलणं होतं. विमानात शेजारच्याचं तोंडही दिसत नाही, सगळे पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलेले.

भाची: वाचलेल्या वेळाचा हिशोब नेहमी बाईकडूनच का मागता? तुम्ही सायकल सोडून मोटारसायकल घेतलीत तेव्हा ‘वाचलेल्या वेळात काय केलंस’ असं कुणी विचारलं? ट्रॅक्टर आल्यावर गडी पारावर पत्ते कुटायला लागले, त्याला विश्रांती म्हणालात. मामी मोबाइल बघत असतील तर बघू द्या. आणि ओसरी पाहिजेच असेल तर कष्टांशिवाय भरवा. चार घरची माणसं, पुरुषसुद्धा, एका संध्याकाळी टोमॅटो चिरायला बसली तर गप्पा होणार नाहीत का? ओसरी शेवईमुळे नव्हती. बायकांना एरवी एकत्र बसायला कुणी मोकळीक देत नव्हतं, म्हणून शेवईचं निमित्त लागायचं.

मामा: निमित्ताशिवाय माणसं बसत नाहीत, हा माझा अनुभव आहे. ‘या, गप्पा मारू’ म्हटलं की कुणी येत नाही. ‘या, शेवया करायच्यात’ म्हटलं की येतात. काम गेलं की बसण्याचं कारण जातं. तू म्हणतेस, टोमॅटो चिरायला बसवू. किती दिवस? पहिल्या वर्षी हौस, दुसऱ्या वर्षी चिरलेले टोमॅटो डब्यात मिळतील. झटपट करायची सवय लागली की थांबायचं कुठे, हे सांगणारा कुणी उरत नाही. मुंबई तासात झाली तर मुक्कामही एका रात्रीचा होईल. पूर्वी आठ तास खाऊन आलेला माणूस आठ दिवस राहायचा.

भाची: आठ दिवस राहायचा, आणि त्याच्यासाठी आठ दिवस स्वयंपाक व्हायचा. पाहुणचार कुणाचा आणि राबणूक कुणाची, हे एकदा कागदावर मांडा. तरी तुमच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, मुक्कामाची. तासात येता येतं म्हणून मी वर्षातून चारदा येते, पण बॅग उघडत नाही. आजोबा होते तेव्हा एकदाच यायचो, दोन महिने राहायचो. चार एकेक रात्रीच्या फेऱ्या आणि एक लांबलचक सुट्टी, यांत जास्त काय, ते मला सांगता येत नाही. विमानाची बाजू घेणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्याकडे ते नाही. तुमच्याकडेही नाही, कारण त्या दोन महिन्यांत आई आणि मामी काय करत होत्या ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

मामा: सांगतो. स्वयंपाकघरात होत्या. तरीही ते दोन महिने वाईट होते, असं त्या दोघी म्हणतील असं मला वाटत नाही.

भाची: विचारा त्यांना. माझ्यासमोर नको, एकटे असताना विचारा.

(दोघांत तह असा झाला: जाताना कुर्डुवाडीहून रेल्वे, येताना मुंबईहून सोलापूरचं विमान, मामींना खिडकी. जेवणाला पास्ताच, टोमॅटो मामा चिरणार. हा तोडगा झाला, निकाल झाला नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर तासांच्या हिशोबात मामा जिंकले आणि कष्टांच्या हिशोबात भाची. मुक्कामाच्या हिशोबात दोघंही अडकले, आणि तिथे मीही त्यांच्याच रांगेत आहे. श्रीपूर, अकलूज, माळीनगर, वेळापूर भागातून सोलापूरच्या विमानानं कुणी प्रवास केला असेल, त्यांनी पुढच्या खेपेला दारापासून दारापर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजावा. बॅग कुणी भरली आणि वाटेतल्या खाण्याची तयारी कुणी केली, तेही त्याच कागदावर लिहावं, त्याला लागलेल्या तासांसकट.)